चायनीजची गाडी आणि घरची डबी-पोळी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारा एक तरुण दवाखान्यात आला. वय अवघे चोवीस. तक्रार एकच, पाळी संपली की डोके दुखते. त्याला वाटत होते, चष्मा लागला असावा. रक्तदाब पाहिला तर १६०/१००. एका मोजणीवर निदान करू नये, म्हणून आणखी दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावले. आकडा फारसा उतरला नाही. इतक्या लहान वयात रक्तदाब वाढलेला दिसला की मूत्रपिंडाचे काही दुखणे नाही ना, हे आधी पाहावे लागते. त्या तपासण्या केल्या. सुदैवाने त्या निर्दोष निघाल्या. मग आहाराची चौकशी केली.

सकाळी चहा आणि वडापाव, दुपारी कारखान्यातले जेवण आणि रात्री, आठवड्यातून सहा दिवस, खोलीच्या खालच्या गाडीवरचे चायनीज. कधी शेजवान राइस, कधी हक्का नूडल्स, पगाराच्या दिवशी सोबत मंचुरियन. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "बाहेरचे खाणे बंद कर."

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "डॉक्टर, खोलीत आम्ही पाच जण. एक शेगडी, एक तवा. रात्री अकराला सुटतो. मग खाऊ काय, ते सांगा ना."

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. 'खाऊ नका' हे सांगणे फार सोपे असते. आणि कबूल करायला संकोच वाटतो, पण त्याच आठवड्यातल्या रविवारी मी स्वतः नातवंडांना घेऊन अशाच एका गाडीवर उभा होतो. आजचा लेख त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना तयार झाला आहे.

गाडी आपल्याकडे आली कशी?

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे बोईसरला आली. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि गर्दी आणखी वाढली. जिथे पाळीत काम करणारी, घरापासून दूर राहणारी माणसे असतात, तिथे रात्री गरम, पोटभर आणि परवडेल असे खाणे देणारा कुणीतरी हवाच असतो. ती गरज चायनीजच्या गाडीने भागवली. गाडीवर राबणारी मुलेही बहुधा गरीब घरचीच असतात. त्यांना दोष देण्यासाठी हा लेख नाही.

गंमत अशी, की हे चायनीज चीनमध्ये मिळत नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी कोलकात्याच्या परिसरात चिनी कुटुंबे येऊन राहिली आणि त्यांच्या स्वयंपाकात आपली मिरची, आले, लसूण मिसळत गेले. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत चिकन मंचुरियन प्रथम केले, असे सांगितले जाते. त्या मंचुरियनला पुढे कोबी आणि फ्लॉवरचे शाकाहारी भाऊ झाले आणि चायनीज भेळ तर अस्सल आपलीच!

माझी भाची वैद्यकीय शिक्षणासाठी काही वर्षे चीनमध्ये होती. ती सांगते, "मामा, तिकडे मंचुरियन म्हटले तर कुणाला कळतही नाही." मग ती काय खात होती? वसतिगृहाच्या फाटकाशी सकाळी एक बाई तव्यावर भाजीने भरलेल्या पोळ्या भाजत असे. उत्तर चीनमध्ये हा घरोघरचा पदार्थ आहे. लसणाच्या वासाची एक हिरवी पात, अंडे आणि शेवया यांचे सारण पातळ पारीत भरायचे, करंजीसारखे दुमडायचे आणि तव्यावर भाजायचे. त्याच्या चिनी नावाचा अर्थ 'पातीची डबी' असा होतो. आमच्या घरी आम्ही त्याला डबी-पोळी म्हणू लागलो. एक तवा, एक शेगडी, तळण नाही! त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसले.

खरा दोषी कोण?

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करतो. चायनीज म्हटले की लोक अजिनोमोटोवर बोट ठेवतात. हा पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या काढ्यातून तो वेगळा केला. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही निसर्गतः असते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात, चिनी जेवणानंतर मान बधिर होते आणि धडधडते, असे एका डॉक्टरचे पत्र छापून आले आणि तेव्हापासून हा पदार्थ बदनाम झाला. नंतरच्या तपासण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा असा अपाय सातत्याने दिसून आला नाही. काही थोड्या लोकांना मोठ्या मात्रेने डोकेदुखी किंवा घाम येणे असा तात्पुरता त्रास होऊ शकतो; त्यांनी तो टाळावा. वर्षाखालील बाळांना तो देऊ नये.

आता खरा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट एका चमच्याच्या आत मीठ खावे. यात भाजी, आमटी, लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे पंधरा मिलिलिटर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. गाडीवर हा सॉस चमच्याने मोजत नाहीत, बाटली उलटी करतात. दोन मोठे चमचे पडले तरी चार ग्रॅमच्या वर मीठ झाले. वर चवीचे मीठ, शेजवान चटणी आणि अजिनोमोटो वेगळेच. म्हणजे दिवसभराचे मीठ एकाच ताटलीत संपले. अजिनोमोटोतही सोडियम असते. पण एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच अजिनोमोटोत सुमारे १२० मिलिग्रॅम. तेव्हा नजर ठेवायची ती मिठावर.

मीठ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो. तरुणपणी मूत्रपिंडे जादा मीठ बाहेर टाकत राहतात, म्हणून काही जाणवत नाही. पण काही जणांना हा भार लवकर बाधतो. रक्तदाबाला बहुधा लक्षण नसते. त्या तरुणाचे डोके दुखले हे एका अर्थी त्याचे नशीबच म्हणायचे; नाहीतर तो दवाखान्यात आलाच नसता.

मिठाखेरीज आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) तेल. तेच तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवले की त्यात घातक संयुगे साठत जातात. अशी संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. गाडीवर ते मोजायला यंत्र नसते. पण तेल काळे, चिकट झाले असेल, त्यावर फेस येत असेल आणि ते लवकर धुरावत असेल, तर ते आपल्या डोळ्यांना कळते.

२) रंग. लालभडक मंचुरियनचा रंग मिरचीचा नसतो. २०२४ च्या मार्च महिन्यात कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. तपासलेल्या काही नमुन्यांत असे रंग सापडले होते. रोडामाइन-बी हा तर कापडाला लावायचा रंग आहे, अन्नात त्याला परवानगी नाही. त्याच वर्षी गोव्यात म्हापसा नगरपालिकेनेही गोबी मंचुरियनच्या विक्रीवर निर्बंध आणले.

३) शिळा भात. फ्राइड राइससाठी भात मोकळा हवा म्हणून तो दुपारीच शिजवून ठेवतात. भातात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू बीजरूपाने असतात. ही बीजे शिजवण्याने मरत नाहीत. आपल्या दमट हवेत भात तासन् तास उघडा राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात. वांत्या घडवणारे हे विष परतल्यानेही नष्ट होत नाही. 'गरमागरम खाल्ले तरी उलट्या झाल्या' असे सांगणारे रुग्ण येतात, त्यामागे पुष्कळदा हे कारण असू शकते.

उकडीचे गुपित

भाचीने डबी-पोळी शिकवली ती दिवाळीत, आमच्या घरी करंज्या चालू असताना. तिने गव्हाच्या पिठात उकळते पाणी ओतलेले पाहून आमच्या सौ. म्हणाल्या, "अगं, ही तर उकडच की!"

खरेच तसे आहे, पण कारण मात्र उलटे आहे. तांदळाच्या पिठात चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्याने त्यातला स्टार्च फुगतो, पिठाला चिकटपणा येतो, म्हणून मोदकाची पारी वळता येते. भाकरीला गरम पाणी घेतात तेही यासाठीच. गव्हाच्या पिठात ग्लुटेन हे चिवट प्रथिन मुळातच असते. उकळत्या पाण्याने त्याचा चिवटपणा कमी होतो आणि फुगलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पोळी पातळ लाटली जाते, लाटल्यावर आखडत नाही आणि थंड झाल्यावरही वातड होत नाही. डब्यात नेण्यासाठी म्हणूनच ही पोळी उत्तम.

साहित्य (आठ डबी-पोळ्यांसाठी)

पारीसाठी: दोन वाट्या गव्हाचे पीठ (सुमारे २५० ग्रॅम), अर्धी वाटी उकळते पाणी, लागेल तसे साधे पाणी. पिठात मीठ घालू नये.

सारणासाठी: दीड वाटी बारीक चिरलेला कोबी, एक वाटी कांद्याची पात, एक गाजर किसून, सात-आठ फरसबीच्या शेंगा बारीक चिरून, मिळाल्यास मूठभर लसणाची पात (नसल्यास चार पाकळ्या लसूण), बोटाचे एक पेर आले, एक हिरवी मिरची, पाव चमचा मिरपूड. प्रथिनांसाठी दोन अंडी, किंवा एक वाटी वाफवलेले मोड आलेले मूग, किंवा कुस्करलेले पनीर. चवीसाठी चहाचा एक चमचा सोया सॉस, चहाचा पाव चमचा मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि शेवटी एक चमचा तिळाचे तेल.

भाजण्यासाठी: प्रत्येक पोळीला अर्धा चमचा तेल.

कृती

१) पीठ परातीत घेऊन त्यावर उकळते पाणी फिरवून ओतावे आणि उलथण्याच्या टोकाने कालवावे. लगेच हात घालू नये, भाजेल. पाच मिनिटांनी साध्या पाण्याचा हात लावत पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल मळावे. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे.

२) कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. कोबी आणि पात चिरण्याआधी वाहत्या पाण्यात नीट धुवावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्व 'क' पाण्याबरोबर निघून जाते.

३) एक चमचा तेलात आले, लसूण, मिरची परतावी. मग फरसबी आणि गाजर, मिनिटभराने कोबी. आच मोठी ठेवून एकूण तीन मिनिटे परतावे. भाजी करकरीत राहिली पाहिजे. अंडी घालायची असल्यास ती वेगळी परतून, पूर्ण शिजवून, मोडून मिसळावीत. पात आच बंद केल्यावर घालावी.

४) सारण ताटात पसरून पूर्ण गार करावे. सोया सॉस, लिंबू, मीठ, मिरपूड आणि तिळाचे तेल अगदी भरण्याच्या वेळी मिसळावे. मीठ आधी घातले तर कोबीला पाणी सुटते आणि पोळी फुटते. आमच्या पहिल्या दोन पोळ्या अशाच फुटल्या. घाई मीच केली होती.

५) आठ गोळे करून पुरीपेक्षा थोड्या मोठ्या पाऱ्या लाटाव्यात, कडा पातळ ठेवाव्यात. अर्ध्या भागावर दोन मोठे चमचे सारण ठेवून दुमडावे. आतली हवा दाबून काढावी. करंजीला घालतो तशी मुरड घालावी.

६) तवा मध्यम तापवून तेल लावावे. पोळी ठेवून दोन मिनिटे झाकण घालावे, म्हणजे वाफेने पारी आतून शिजते. मग झाकण काढून दोन्ही बाजू खरपूस भाजाव्यात. मुरडीची बाजूही तव्याला टेकवून भाजावी, नाहीतर ती कच्ची राहते.

सॉसची गरज पडत नाही. हवीच असेल तर लिंबाच्या रसात चिरलेली मिरची, आले आणि थोडे पाणी घालून चटणी करावी.

पोषणाचा हिशेब

एका डबी-पोळीत सुमारे दीडशे कॅलरी आणि पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. मीठ सगळ्या आठ पोळ्यांत मिळून सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका पोळीत पाव ग्रॅमपेक्षा थोडे जास्त. तीन पोळ्या खाल्ल्या तरी मीठ एक ग्रॅमच्या आतच. गाडीवरच्या ताटलीशी याची तुलना वाचकांनीच करावी. शिवाय भाज्यांमधून पोटॅशियम आणि चोथा मिळतो, आणि पोटॅशियम जादा सोडियम बाहेर टाकायला मदत करते.

ऋतूप्रमाणे सारण बदलावे. थंडीत पालेभाज्या मुबलक असतात, तेव्हा मुळ्याचा पाला किंवा मेथी घालता येते. पावसाळ्यात आदिवासी भगिनी पालघरच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसतात. टाकळ्याचा कोवळा पाला आधी वाफवून, पिळून, कोबीऐवजी घातला तर सुरेख लागतो. मात्र ओळख नसलेली रानभाजी स्वतः तोडून आणू नये.

कुणी काय काळजी घ्यावी?

मधुमेह असणाऱ्यांनी दोन पोळ्यांवर थांबावे आणि सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर घ्यावी. गव्हाचे वावडे असणाऱ्यांनी तांदळाच्या उकडीची पारी करावी आणि सोया सॉस वगळावा, कारण तो बनवतानाही गहू वापरतात. मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी बाजारातले 'कमी सोडियमचे मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते आणि ते त्यांना घातक ठरू शकते. सारण उरले तर दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे. शीतकपाट नसेल तर लागेल तेवढेच करावे.

आणि गाडीवर जायचेच असेल, तर महिन्यातून एखाद्या वेळी जावे, लाल रंगाचा पदार्थ टाळावा, सूप आणि जादा सॉस घेऊ नये, आणि 'सोया सॉस कमी टाक' असे सांगण्यात संकोच बाळगू नये. गिऱ्हाइकाने सांगितले तर बहुतेक गाडीवाले ऐकतात.

आता त्या तरुणाचे. मी त्याला ही कृती कागदावर लिहून दिली. पंधरा दिवसांनी आला तेव्हा हसत होता. पहिल्या खेपेस खोलीतल्या एका मित्राने सोया सॉसची अर्धी बाटली ओतली म्हणे! पुढे त्यांनी नियम केला, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्वांनी मिळून डबी-पोळ्या करायच्या आणि बाकीच्या रात्री पाळीने एकाने भाजी-पोळी किंवा खिचडी करायची. गाडी आठवड्यातून सहा दिवसांवरून महिन्यातून दोनदा इतकी झाली. चार महिन्यांनी त्याचा रक्तदाब १३४/८६ होता. याचे सगळे श्रेय मी पोळीला देणार नाही. तो गोळी रोज घेत होता, आणि ती अजूनही चालू आहे. रक्तदाब उतरला म्हणून कुणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नये. पण डोकेदुखी थांबली आहे आणि गोळीचा डोस वाढवावा लागलेला नाही.

जाताना तो म्हणाला, "डॉक्टर, आता गावी गेल्यावर आईला करून घालणार." आईलाही रक्तदाब आहे, हे त्याने तेव्हा प्रथम सांगितले. मी म्हटले, "पोळी जरूर करून घाल, पण आधी तिला तपासून आण." घरात एकाला रक्तदाब असेल तर बाकीच्यांनीही वर्षातून एकदा तपासून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोफत मोजून मिळतो आणि त्याला पाच मिनिटे पुरतात.